ताकदीचं इंजेक्शन

आमच्या घरातली सकाळ काचेच्या आवाजाने सुरू व्हायची. स्टोव्हवर अ‍ॅल्युमिनियमचं छोटं पातेलं, त्यात उकळतं पाणी आणि त्या पाण्यात काचेची सिरिंज. पाणी खळखळायला लागलं की ती पातेल्याच्या कडांना लागून टिणटिण वाजत राहायची. मी अंथरुणात पडून तो आवाज ऐकत असे. तो थांबला की समजायचं, आईने स्टोव्ह बंद केला. आता ती पाणी ओतून देणार, सिरिंजचे भाग जोडणार, सुईचं टोक कापसावरून फिरवून बघणार. टोकाला कापसाचा तंतू अडकला तर सुई बोथट झाली, मग दुसरी. त्याआधी माझी लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधाबरोबर उकळवून व्हायची. नळीतला रंग निळाच राहिला तर साखर नाही, हिरवा झाला तर थोडी, आणि विटेसारखा लाल झाला की आई काही न बोलता नळी मोरीत रिकामी करायची. तिचं ते न बोलणं मला सुईपेक्षा जास्त टोचायचं. मग ती माझी चादर बाजूला करून म्हणायची, "चल, मांडी दे."

मी सहावीत असताना हे सुरू झालं. खूप तहान लागायची, रात्रीत चार चारदा उठावं लागायचं, अंगावरचा फ्रॉक ढगळ झाला. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं की हिला डायबिटीस आहे, म्हाताऱ्या माणसांना होतो तो नव्हे, मुलांना होणारा. आता आयुष्यभर सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचावं लागेल. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो मला आजही आठवतो. ते म्हणाले, "हे कोणाला कळायला पाहिजेच का?" डॉक्टर गोंधळले. मीही गोंधळले होते. पुढे मोठी झाल्यावर कळलं की दवाखान्याच्या त्या बाकावर बसल्या बसल्या अप्पांच्या डोळ्यांसमोर माझं लग्न आलं होतं, आणि लग्नाच्या मागोमाग त्यांचे थोरले भाऊ आले होते. अंबरनाथचे आमचे काका. जुन्नरकडून सगळ्यात आधी तेच इकडे आले, त्यांनीच अप्पांना अंबरनाथच्या कारखान्यात चिकटवलं, आणि आमच्या नात्यातली बहुतेक लग्नं त्यांच्या ओट्यावर ठरायची. कोणाच्या घरात कोणतं दुखणं आहे हे त्यांना पाठ असे. त्यांना कळलं की सगळ्या गणगोताला कळलं.

तेव्हा घरात ठरलं की कोणी विचारलं तर सांगायचं, कुंदाला अशक्तपणा आहे, ताकदीची इंजेक्शनं चालू आहेत.

हे लपवणं सोपं नव्हतं. आम्ही राहायचो उल्हासनगरच्या एक नंबर कॅम्पात, एका बराकीत. पूर्वी कधी तिथे लष्कराचा तळ होता, मग सिंधमधून आलेल्या लोकांना त्या लांबच लांब बराकी मिळाल्या, आणि त्यांच्यातल्याच कोणी मधे पार्टिशनं घालून आमच्यासारख्यांना खोल्या भाड्याने दिल्या. पार्टिशन छपरापर्यंत जात नव्हतं. पलीकडच्या घरात पापड लाटायला घेतले की लाटण्यांचा आवाज आमच्या खोलीत आणि आमच्याकडे मिरची भाजली की खोकला त्यांच्या खोलीत. पलीकडे लाजवंती आंटी राहायच्या. त्यांना मात्र सगळं माहीत होतं, कारण फ्रिज त्यांच्याकडे होता. इन्सुलिनची बाटली त्यांच्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे असे. पहिल्यांदा आई बाटली घेऊन त्यांच्या दारात गेली तेव्हा तिला काय सांगावं ते सुचेना, आणि आंटींनी बाटली हातात घेऊन नुसतं विचारलं, "बर्फ के खाने के नीचे?" पुढे कधीही त्यांनी जास्त विचारलं नाही, आणि आमच्या घरातली गोष्ट त्यांच्या दाराबाहेर गेली नाही.

आई तेव्हा जीन्सचे धागे कापायची. शिवून झालेल्या पँटी गठ्ठ्याने घरी यायच्या आणि त्यांच्या शिवणींवरचे लोंबणारे दोरे कात्रीने कापून, घड्या घालून परत द्यायच्या. आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची इतके ते निळे गठ्ठे. आईच्या बोटांची पेरं कायम निळी असायची, भाकरी थापताना पीठ लागलं की तेवढी पांढरी व्हायची. ती दिवसभर मान खाली घालून कात्री चालवायची. बोलायची कमी. ती चिडकी नव्हती, पण दमलेली होती, आणि तो थकवा एका दिवसाच्या झोपेने जाणारा नव्हता. मला वाटायचं, बायका अशाच असतात. आज माझं वय तिच्या तेव्हाच्या वयाच्या जवळजवळ दुप्पट आहे. आता सकाळी पेनासारखं इन्सुलिन घेते, दंडाला चिकटवलेली चकती मोबाइलवर साखर सांगते, उकळायला काही लागत नाही, आणि तरीही कधीकधी पलंगाच्या कडेला बसून वाटतं की आज एक दिवस सुट्टी मिळावी. मला स्वतःचं शरीर सांभाळून हा शीण येतो. ती माझं सांभाळत होती, आणि तिलाही सुट्टी नव्हती.

आठवीत असताना, थंडीच्या दिवसांत, शाळेने बारवी धरणाजवळ शिबिर काढलं. दोन रात्री तंबूत राहायचं, स्वयंपाक चुलीवर, सकाळी कवायत, मग धरणापर्यंत चालत जाणं आणि जंगलात पक्षी, झाडं बघणं. वर्गातल्या मुली वेड्या झाल्या होत्या. माझी बाकावरची मैत्रीण रेखा रोज नवीन बेत सांगायची, कोण कोणाशेजारी झोपणार, कोण कोणती गाणी म्हणणार. मी हो ला हो करत होते आणि घरी काही सांगितलंच नव्हतं. न जाण्याचं कारणही तयार ठेवलं होतं, आदल्या दिवशी पोटात दुखणार होतं. मला त्या शिबिरातल्या प्रत्येक गोष्टीची भीती वाटत होती. सुई कोण टोचणार, कुठे टोचणार, कोणी बघितलं तर काय, आणि आईशिवाय मी एकही सकाळ काढलेली नव्हती.

आईला कळलं ते कल्याणच्या डॉक्टरांमुळेच. तपासताना त्यांनी सहज विचारलं की शाळेत काय चाललंय, आणि माझ्या तोंडून शिबिराचं निघून गेलं. मी लगेच म्हणाले, मी जाणार नाहीये. डॉक्टर आईकडे बघून म्हणाले की पाठवा हिला, पण त्याआधी स्वतः टोचायला शिकवा. बाटली दोन दिवस फ्रिजबाहेर राहिली तरी थंडीत काही होत नाही, ऊन लागू देऊ नका. संध्याकाळी अप्पा कारखान्यातून आले, त्यांनी चहा घेतला, आणि आईने धागे कापता कापता सांगितलं की कुंदा शिबिराला जाणार आहे.

अप्पांनी नाही म्हटलं. तिथे चाळीस पोरी, एका तंबूत दहा जणी, लपवणार कसं, उद्या गावभर होईल, भाऊंच्या कानावर जाईल, असं ते हळू आवाजात बोलत राहिले, पार्टिशनपलीकडे जाऊ नये म्हणून. आई ऐकत होती. मग तिने कात्री खाली ठेवली.

"मी काय हिला जन्माला पुरणार आहे?" ती म्हणाली. "मला दोन दिवस ताप आला तर हिला कोण टोचणार? तुम्ही? तुमचा तर सुई बघून हात कापतो."

ते खरंच होतं. एकदा आई पडली होती आणि तिचा हात गळ्यात बांधला होता, तेव्हाही तिने डाव्या हातानेच मला टोचलं होतं.

"आणि मी दमलेय हो," आई म्हणाली. एवढंच म्हणून तिने पुढची पँट उचलली.

त्या संध्याकाळपासून माझी शिकवणी सुरू झाली. सिरिंज कशी धरायची, बाटली कशी हलक्या हाताने फिरवायची, हवेचा बुडबुडा कसा काढायचा, ते मला एका दिवसात आलं. इतकी वर्षं बघून बघून हाताला माहीतच होतं. येत नव्हतं ते फक्त शेवटचं, सुई आत घालणं. मांडीवर सुई टेकवायचे आणि हात तिथेच थांबायचा. आई म्हणायची, काही नाही होत, मुंगी चावल्यासारखं वाटतं. ती हे पहिल्या दिवसापासून म्हणत आली होती. तीन-चार दिवस असेच गेले. शेवटी ती माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि पदर बाजूला करून स्वतःचा दंड पुढे केला. सिरिंज रिकामी होती. म्हणाली, "मला टोच आधी. बघ किती सोपं आहे."

मला रडू यायला लागलं. ती दंड तसाच धरून बसली. मी सुई टेकवली, डोळे मिटले आणि घातली. आईने श्वास आत घेतला. मी डोळे उघडले तर ती स्वतःच्या दंडाकडे बघत होती, सुई तिथेच होती. मी सुई काढल्यावर तिने कापूस दाबला आणि बराच वेळ दाबून धरला.

"लागतं की गं," ती म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर मला कधी न दिसलेलं काहीतरी आलं होतं. त्यानंतर तिने मुंगीचं नाव कधी काढलं नाही.

मला स्वतःला पहिल्यांदा टोचता आलं ते शिबिराच्या आदल्या रविवारी सकाळी. आई भिंतीला टेकून माझ्यासमोर बसली होती, घाई करत नव्हती. मी सुई मांडीवर टेकवून बसले होते. बाहेर कोणी सायकलच्या पंपाने हवा भरत होतं, आंटींच्या घरातून कांदा भाजल्याचा वास येत होता. बराच वेळ गेला. मी वर बघितलं तर आईची मान छातीवर आली होती, तिला डुलकी लागली होती. आदल्या दिवशी मोठा गठ्ठा द्यायचा होता. मला कोणी बघत नव्हतं. कोणी वाट बघत नव्हतं. मी सुई आत घातली, दट्ट्या दाबला, दहापर्यंत मोजलं आणि बाहेर काढली. आई दचकून उठली आणि म्हणाली, "झालं?" मी म्हणाले, "झालं." तिला वाटलं मी खोटं सांगतेय, म्हणून तिने सिरिंज उजेडात धरून बघितली. मग ती उठून भाकरी करायला गेली.

निघायच्या दिवशी आईने सगळं एका पिशवीत भरलं. स्टीलच्या डबीत स्पिरिटमध्ये बुडवलेली सिरिंज आणि सुया, ओल्या फडक्यात गुंडाळून छोट्या मडक्यात ठेवलेली बाटली, कापूस, आणि साखरेची पुडी. अंगाला घाम आला, हात कापायला लागले तर आधी ही पुडी तोंडात टाकायची, मग बाकी सगळं, हे तिने मला इतक्यांदा सांगितलं होतं की मला ते झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. टोचलं की अर्ध्या तासात खायचंच, हेही तसंच. लाजवंती आंटींनी कांदा घातलेली जाड कोकी, म्हणजे सिंधी रोटी, करून दिली, दोन दिवस टिकेल म्हणाल्या. "बेटी, डरना नहीं," त्या म्हणाल्या, "और भूख लगे तो शरमाना नहीं. मांग के खाना." अप्पा मला शाळेपर्यंत सोडायला आले. मोरे बाई मैदानात मुलींना रांगेत उभं करत होत्या. शिबिराच्या प्रमुख त्याच होत्या, आम्हाला मराठी शिकवायच्या, शिस्तीच्या आणि जरा तापट. अप्पांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की कुंदाला अशक्तपणा आहे, ताकदीचं इंजेक्शन ती स्वतः घेते, काळजीचं काही नाही. बाई म्हणाल्या, बरं बरं, आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

बस अंबरनाथवरून बदलापूरला गेली आणि तिथून धरणाच्या रस्त्याला लागली. आता त्या रस्त्याला दोन्ही बाजूंना टॉवर उभे आहेत आणि पुढे फार्महाउसच्या पाट्या. तेव्हा बदलापूर संपलं की लगेच भाताची कापलेली शेतं लागायची, पेंढ्याच्या उडव्या, मधेच वालाचे हिरवे तुकडे. आमचे तंबू एका पाड्याजवळच्या मोकळ्या रानात होते. पहिल्या संध्याकाळी जेवणाआधी मी तंबूच्या मागे गेले. रेखा पाठोपाठ आली. मी तिला सांगितलं की ताकदीचं इंजेक्शन आहे. ती डोळे विस्फारून बघत राहिली आणि म्हणाली, तू स्वतः घेतेस? मग तिने कोणी येत नाही ना म्हणून पहारा दिला. जेवायला पिठलं-भात होतं, मी भात थोडा घेतला आणि कोकी खाल्ली. इतकं सगळं नीट झालं की मला झोपताना आईचा राग आला, हिने उगाच इतकी वर्षं मला धरून ठेवलं असं वाटलं.

सकाळी मी उठून सवयीने टोचून घेतलं. बाहेर पोह्यांची तयारी चालली होती. पण रात्रभर दव पडून लाकडं भिजली होती. पाड्यावरची एक बाई चूल फुंकून फुंकून दमली आणि म्हणाली, "वल्ली हायती लाकडं, यळ लागंल." मोरे बाईंनी आकाशाकडे बघितलं, ऊन व्हायच्या आत चालणं झालं पाहिजे म्हणाल्या, आधी धरणापर्यंत जाऊन येऊ, आल्यावर गरम पोहे मिळतील. सगळ्यांनी शिबिराचा गणवेश घालायचा, पिशव्या तंबूतच ठेवायच्या. टोचल्यावर लगेच खायला हवं हे मला माहीत होतं, पण बाईंना कारण काय सांगणार? मी गणवेश घातला. साखरेची पुडी रात्रीच्या परकराच्या खिशात राहिली. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आम्ही बरंच पुढे आलो होतो.

आधी मला वाटलं, थंडीने असं होत असेल. मग पाठीवरून घाम ओघळायला लागला. सगळ्या मुली स्वेटर घालून दोन्ही हात काखेत धरून चालत होत्या आणि माझ्या कानामागून घाम गळत होता. पाय आपले वाटेनात. रेखा काहीतरी सांगत होती, तिचे शब्द मला ऐकू येत होते पण अर्थ लागत नव्हता. मला एवढं कळत होतं की हे तेच आहे, आईने सांगितलेलं, आणि पुडी नाही. मी रस्त्याच्या कडेला बसले. मोरे बाई मागून आल्या, त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, अशक्तपणा आहे, झोप इथे, पाय वर कर. कोणीतरी बाटलीतलं पाणी दिलं. मी म्हणाले, मला खायला पाहिजे. बाई म्हणाल्या, आत्ता नको, चक्कर आलीय, उलटी होईल, जरा पडून राहा.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण त्या क्षणाबद्दल मी आयुष्यात पुष्कळदा विचार केला आहे. घरात मला सगळं शिकवलं होतं. फक्त काय आहे ते सांगायला शिकवलं नव्हतं. ते न सांगायलाच शिकवलं होतं. माझ्या डोक्यात अप्पांचा तो हळू आवाज होता, भाऊंच्या कानावर जाईल, आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे झाडं एकमेकांत मिसळायला लागली होती. मला वाटलं, मी आता काही बोलले नाही तर मला पुन्हा बोलता येणार नाही.

"बाई, ते ताकदीचं नाही," मी म्हणाले. "मला डायबिटीस आहे. मला साखर द्या."

बाईंचा चेहरा उतरला. मुली भोवती गोळा झाल्या होत्या. बाई म्हणाल्या, "डायबिटीस आहे तर साखर कशी देऊ तुला? भलतंच काही झालं तर?"

त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांच्या घरात कोणाला तरी असेल आणि त्या माणसाला साखर बंद असेल, त्यांना तेवढंच माहीत होतं. मला समजावून सांगायचं होतं की इंजेक्शनने साखर खाली जाते, मी टोचून घेतलंय, मी खाल्लेलं नाही, पण जीभ वळेना. मी फक्त "साखर" म्हणत राहिले. मग मी रेखाकडे बघितलं. रेखाच्या खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या असायच्या. दोन वर्षं ती मला मधल्या सुट्टीत त्या द्यायची आणि मी म्हणायचे, मला गोड आवडत नाही. आता मी तिच्यापुढे हात पसरला. तिने एकदा बाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मूठभर गोळ्या काढून, कागद सोडवून, एकामागून एक माझ्या तोंडात घातल्या. बाई "अगं थांब" म्हणाल्या, पण ती थांबली नाही. मी त्या कडाकडा चावून गिळल्या.

किती वेळ गेला ते मला माहीत नाही. हळूहळू झाडं आपापल्या जागी गेली. मला थंडी वाजायला लागली, आणि ती थंडी इतकी छान होती. मोरे बाई जमिनीवर माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्यांच्या साडीला सगळी माती लागली होती. त्यांनी बाकीच्या मुलींना शिबिराला आलेल्या एका सरांबरोबर पुढे पाठवलं आणि एका मुलीला परत पाठवून पोहे होते तसे अर्धेकच्चे मागवून घेतले. मी खात होते आणि त्या माझ्या हातांकडे बघत होत्या.

"तुझ्या वडिलांनी मला हे का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "माझं लग्न जमणार नाही म्हणून."

त्या हसतील असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या की तुला आत्ता घरी पाठवायचं का, जीपची सोय होईल. मी नको म्हणाले. का म्हणाले ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. भीती वाटत होतीच, पण ज्याची वाटत होती ते होऊन गेलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी तंबूमागे गेले नाही. तंबूच्या दारातच बसले. दहा-बारा मुली भोवती बसल्या. एकीने तोंड फिरवलं, एकीला मळमळलं आणि ती उठून गेली. रेखाने विचारलं, लागतं का गं? मी म्हणाले, लागतं. कोणीतरी विचारलं की शेजारी झोपलं तर होतं का हे. मी नाही म्हणाले, पण ती मुलगी रात्री दुसऱ्या टोकाला जाऊन झोपली. पुढे शाळेतही असं काही ना काही होत राहिलं. एकीच्या आईने माझ्याबरोबर डबा खाऊ नको म्हणून सांगितलं होतं. मला वाईट वाटायचं, पण मधल्या सुट्टीत मला आता खोटं बोलावं लागत नव्हतं, आणि त्या मोकळेपणाचं मोल मला तेव्हाही कळत होतं.

परत आलो तेव्हा अप्पा शाळेच्या फाटकात सायकल घेऊन उभे होते. मोरे बाई थेट त्यांच्याकडे गेल्या. मी लांब उभी होते, काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. बाई बोलत होत्या आणि अप्पा सायकलची घंटी बोटाने चाचपत खाली बघत होते. मग आम्ही चालत निघालो, माझी पिशवी कॅरिअरला. बराच रस्ता झाल्यावर त्यांनी विचारलं, "सगळ्यांना कळलं?"

मी म्हणाले, "हो."

ते रागावतील म्हणून मी थोडी मागे राहिले. ते थांबले. "मलाही आता लक्षात राहत नाही," ते म्हणाले, "कोणाला काय सांगितलंय ते." त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मला एकदम कळलं, आमच्या घरात आई एकटीच दमलेली नव्हती.

आईने सगळं ऐकून घेतलं. परकराच्या खिशातली पुडी काढून बघितली आणि म्हणाली, पुढच्या वेळी गळ्यात बांधून देते. तिने मला जवळ वगैरे घेतलं नाही. आंटींनी मात्र नंतर मला सांगितलं की दोन्ही दिवस संध्याकाळी आईने पातेल्यात पाणी चढवलं होतं आणि उकळी आल्यावर तिला आठवलं होतं की मी नाहीये.

पुढच्या रविवारी अप्पा मला घेऊन अंबरनाथला काकांकडे गेले. आईलाही चल म्हणाले होते. ती म्हणाली, तुम्ही जा, मला आज झोपायचंय. आम्ही पोचलो तेव्हा काका ओट्यावर खुर्चीत बसले होते, कोणाच्या तरी मुलाचं स्थळ बघण्याची बोलणी चालली होती. ती माणसं गेली आणि काकूंनी आतून बशीतून शिरा आणला, एक बशी अप्पांना, एक मला. वर बेदाणे लावले होते. मी बशी हातात धरून अप्पांकडे बघितलं.

अप्पांनी आपली बशी खाली ठेवली. आधी ते पाणी प्यायले.

"वहिनी, हिला शिरा देऊ नका," ते म्हणाले. "हिला डायबिटीस आहे. दोन वर्षं झाली. रोज दोनदा टोचून घेते, स्वतःच्या हाताने."

काका खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या तोंडावर आधी राग आला, आपल्याला इतके दिवस सांगितलं नाही याचा, आणि मग हिशेब आला, तो मला स्पष्ट दिसला. काकूंनी माझ्या हातातली बशी काढून घेतली आणि ती धरून तशाच उभ्या राहिल्या.

"मग हिला देऊ काय?" त्यांनी अप्पांना विचारलं.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. माझ्या ताटात काय पडतं, कधी पडतं, ते सगळं आईच बघत आली होती.

"भाकरी असेल तर चालेल, काकू," मी म्हणाले. "आणि मला जरा लवकर द्या. सकाळी टोचलंय, मला वेळेवर खावं लागतं."

काकू आत गेल्या. थोड्या वेळाने तवा चढवल्याचा आवाज आला आणि मग पीठ थापल्याचा.